अक्कानं सांगितलेली माय

धुळ्याच्या सहा नंबर गल्लीत कुणाच्या घरी ज्वारीचे बिबडे, खान्देशी पापड, करायचे निघाले, की आधी झुंबरअक्काला बोलावणं जातं. पंचाहत्तरी उलटली, आता तिच्यानं पीठ हाटवत नाही. ती खाटेवर बसून नुसती सांगते, "घट्ट झालं गं, पाणी घाल," आणि पोरीबाळी घालतात. सांगणं हेच आता तिचं काम. कुणाच्या लग्नात हळदीला कोणतं गाणं म्हणायचं, कुणाच्या पणज्याचं नाव काय होतं, कोणत्या घरची कानबाई देवी कुठल्या दिशेला तोंड करून मांडायची, सगळी गल्ली अक्काला विचारते. अक्का सांगते आणि ते खरं मानलं जातं. तिचं सांगणं आजवर कुणी तपासून पाहिलं नाही.

तिच्या भावानंही पाहिलं नाही. तिथंच सगळं बिनसलं.

भाऊ म्हणजे प्रेमराज. नाव कुणाला आठवणार नाही, पण त्यानं काढलेली माणसं घराघरात होती. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, कथांची चित्रं, शाळेच्या पुस्तकातली आजी, शेतकरी, दही घुसळणारी बाई. मुंबईत सारी उमर त्यानं हेच केलं. लेखकानं लिहावं आणि यानं ते माणूस काढावं. बायको गेल्यावर तो मुलाकडं, युवराजकडं, दीपनगरला राहायला आला. युवराज तिथं वीज केंद्रात आहे. क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात प्रेमराजनं कॅनव्हास लावले आणि वयाच्या पासष्टीनंतर तैलरंग हातात घेतला. "घरभर टर्पेंटाइनचा वास, आत्या. वरणात पण तोच वास," असं सून सुलक्षणा फोनवर सांगायची, पण तक्रारीत कौतुकच जास्त असायचं. 

तीन वर्षं तो रंगवत होता. कुणाला दाखवलं नाही. अक्काला तर नाहीच. "पुरं झालं की बघ," एवढंच म्हणायचा.

आणि फाल्गुनात एके दुपारी मयुरी कॉलेजमधून धावत आली. मयुरी ही युवराजची मुलगी. धुळ्यात फार्मसी शिकते, अक्काजवळ राहते. हातातला फोन तिनं अक्काच्या नाकासमोर धरला. 

"अक्काआजी, आजोबांच्या प्रदर्शनाची पत्रिका! जळगावच्या कलादालनात. आणि बघ तरी पत्रिकेवर कोण आहे!"

अक्कानं चष्मा लावला. चुलीपुढं बसलेली एक तरुण बाई. नऊवारी लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, नाकात नथ, हातात कणकेचा गोळा. चुलीचा उजेड गालावर आलेला. बाई मान वर करून बघते आहे, जणू कुणी पोर दारात येऊन उभं राहिलं आहे. 

"तूच आहेस ना गं तरुणपणीची?"

"खाली काय लिहिलंय?"

"माय," मयुरीनं वाचलं. "'माय, तैलरंग.' अगोबाई, म्हणजे ही आजोबांची आई? तू काय सेम दिसतेस गं!"

अक्कानं फोन परत दिला. मयुरीला वाटलं, आजीला गहिवरून आलं. अक्का उठली, देवघरापाशी जाऊन बसली. फडताळात कानबाईचा पितळी डबा असतो, त्यावर हात ठेवून बराच वेळ बसली. संध्याकाळी दिवा लावताना ती एवढंच म्हणाली, "मला जळगावला घेऊन चल. मला भाऊला एक सांगायचं आहे."

काय सांगायचं आहे, ते सांगायला साठ वर्षं मागं जावं लागेल.

झुंबर अकरा वर्षांची आणि प्रेमराज तीन वर्षांचा असताना त्यांची माय गेली. कौतिक तिचं नाव. बाळंतपणात गेली, बाळही गेलं. तेव्हा गरिबाघरी फोटो कुठले? लग्नात नाही, जत्रेत नाही. कौतिकबाईचं एकही चित्र, एकही छायाचित्र मागं राहिलं नाही. राहिली ती फक्त बघणाऱ्यांच्या डोळ्यांत. बाप उखर्डू कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. तो बोलायचाच कमी, आणि बायकोबद्दल तर नाहीच.

झुंबरचं लग्न झालं, शिंदखेड्याकडं दिलं, आणि वर्षाच्या आत नवरा तापानं जाऊन पोर पांढऱ्या कपाळानं परत बापाच्या दारी आली. सोळा सरून सतरावं लागलं होतं. लोक म्हणाले, बरं झालं बापा, पोराला आई मिळाली. लोकांचं काय, तोंड उचलतात आणि बोलतात. 

माय गेल्यापासून घरात कानबाई मांडलीच नव्हती; त्या साली श्रावणात ती मांडायची झुंबरवर आली. खरं म्हणजे लग्न होऊन गेलेल्या लेकीनं माहेरची कानबाई मांडू नये. पण मांडायला दुसरं होतं कोण? खान्देशात ज्यांच्या घरी कानबाई आहे त्यांना सांगायला नको. चौरंगावर कलश, त्यावर नारळ, आणि नारळालाच देवीचं मुख करायचं. चांदीचे डोळे मेणानं चिकटवायचे, नथ घालायची, कुंकू भरायचं. उखर्डूच्या घरी नारळ वर्षानुवर्षं तोच. सोमवारी नदीवर न्यायचा, पाण्यात बुडवून परत आणायचा. आणि त्या घरच्या कानबाईचा डावा डोळा नेहमी उजव्यापेक्षा जरा वर असायचा. कारण डोळे बसवायची कौतिक, आणि कौतिकला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं.

लहानपणी तिला देवी आल्या होत्या. जगली, पण तोंडभर वण राहिले आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं. पांढरं, टपोरं. माणसाकडं बघायचं तर ती मान डावीकडं वळवून उजव्या डोळ्यानं बघायची. देवीचं मुख करतानाही तशीच मान वळवून करायची, म्हणून डोळा वर जायचा. उखर्डू म्हणायचा, "राहू दे. कानबाई बी तुन्हागत दखस." एवढंच काय ते तो बायकोशी चारचौघांत बोलल्याचं झुंबरला आठवत होतं.

तर त्या श्रावणात नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडून झाले होते. झुंबर नारळ मांडीवर घेऊन मेण मऊ करत बसली होती. एवढ्यात प्रेमराज गल्लीतून आला. सदरा फाटलेला, ओठातून रक्त. 

"कोणशी भांडना?"

"झुलालशी. तो म्हणे, तुन्ही माय फुल्या डोयानी व्हती. तोंड म्हणे चाळणीगत." पोराचा श्वास लागला होता. "अक्का, मन्ही माय कशी दिखे व?"

झुंबरच्या हातात चांदीचा डोळा होता. खरं सांगायला तिला काय झालं होतं? पण ती सतरा वर्षांची. पोराचं रक्ताळलेलं तोंड तिच्याकडं वर करून. बाहेर झुलाल आणि बाकीची पोरं अजून ओरडत होती. 

"खोटं बोलस तो मेला," ती म्हणाली. "माय मन्हासारखीच दिखे. मन्हं तोंड दख, तुले माय दिखी जाई."

पोरानं बघितलं. नीट, निरखून, कपाळापासून हनुवटीपर्यंत बघितलं. इतकं कुणी तिच्याकडं बघितलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. मग तो जाऊन चुलीपुढच्या राखेत बोटानं काहीतरी काढत बसला.

झुंबरनं कानबाईचे डोळे बसवले. दोन्ही सरळ, एका रेषेत. बाप कामावरून आला, हातपाय धुऊन देवीपुढं उभा राहिला. बघत राहिला. मग लेकीकडं एकदा बघितलं आणि काही न बोलता जेवायला बसला. त्यानंतर कानबाईचा डोळा कधी वर गेला नाही.

लहान पोराला शांत करायला बोललेलं एक वाक्य. अशी वाक्यं आपण सगळेच बोलतो. बागुलबुवा येईल म्हणतो, चांदोबा मामा आहे म्हणतो. पोर मोठं झालं की ती आपोआप गळून पडतात. हे पडलं नाही.

प्रेमराजचा हात चांगला होता. चित्रकलेच्या सरांनी ते हेरलं, बापाशी भांडून त्याला मुंबईला पाठवलं. झुंबर लोकांच्या घरी बिबडे, कुरडया, पापड करत राहिली. त्यासाठी तिनं काय काय सोसलं ते ती कधी बोलली नाही. आणि मग एका दिवाळीत टपालानं पहिला अंक आला. मुखपृष्ठावर तुळशीपुढं दिवा लावणारी बाई. कुंकू, नथ, हिरव्या बांगड्या. तोंड झुंबरचं. 

तिनं अंक पाठीमागं लपवला. मग दुपारी दार लावून बाहेर काढला. आरशात कपाळाला टिकलीएवढं कुंकू लावायलाही जिला बंदी, ती चित्रात भर कुंकू लेऊन बसली होती. अंक तिनं गादीखाली ठेवला. पुढच्या साली आणखी एक आला. मग पुस्तकं, मासिकं. कधी ती गवळण, कधी नवरी, कधी लेकराला पाजणारी. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "अक्का, तुमच्या भावाला दुसरी बाई काढताच येत नाही वाटतं!" अक्का म्हणायची, "चला, काहीतरीच." पण गादीखालचा ढीग वाढत होता.

भाऊ सुटीत आला की कधी कधी विचारायचा, "अक्का, मायचं नाक तुझ्यासारखंच ना?" आणि अक्का म्हणायची, "हो." तेव्हा तो लहान नव्हता. गल्लीतली पोरं त्याला चिडवत नव्हती. तेव्हा सांगता आलं असतं. पण मग गादीखालच्या त्या सगळ्या बाया कुणाच्या झाल्या असत्या? एवढंच होतं ते. पापड लाटताना, देवाला हात जोडताना तिला ते ठाऊक असायचं. ठाऊक असून ती गप्प बसायची.

एकेक करून माणसं गेली. बाप गेला, बापाची बहीण गेली, झुलाल ट्रकखाली सापडून गेला. कौतिकबाईला बघितलेलं, अख्ख्या जगात, एकच माणूस उरलं होतं.

पारोळा, एरंडोल करत जळगावची एसटी चालली होती. कंडक्टर तरुण होता. 

"आजी, पंचाहत्तर झाली का? आधार कार्ड दाखवा, फुकट जाल."

"फुकट कशाला रे, वय मोजून दिलंय देवाला," अक्का म्हणाली. बस हसली. कंडक्टरनं मयुरीला अर्धं तिकीट फाडलं आणि विचारलं, "कुठं, डॉक्टरकडं का?"

"प्रदर्शनाला," मयुरी ऐटीत म्हणाली. "आजोबा चित्रकार आहेत. हिचंच चित्र आहे."

"असं का? मग आजी, सही द्या!"

अक्का खिडकीबाहेर बघू लागली. केळीच्या बागा मागं पळत होत्या. ती डोळे मिटून मायला आठवत होती. घरून निघाल्यापासून हेच चालू होतं. आधी वण आठवायचे, मग तो पांढरा डोळा, मग मान वळवणं. त्याच्याभोवती बाकीचं तोंड भरायला गेली, की पत्रिकेवरची बाई पुढं यायची. चुलीच्या उजेडातली. झुंबर स्वतःच.

कलादालनात गर्दी होती. पांझरा नदीच्या वाळूत बसलेल्या बाया, जिनिंगच्या दारात रुईनं पांढरे झालेले हमाल, एसटी स्टँडवर गाठोड्याला टेकून झोपलेला म्हातारा. माणसं एवढी खरी, की एका शेतकऱ्यानं हमालाच्या चित्राजवळ जाऊन नाकाला वास येतो का ते बघितलं. आणि शेवटच्या भिंतीवर, एकटी, पुरुषभर उंचीची, माय. 

प्रेमराज सदरा-लेंग्यात उभा होता. एक हात खिशात. अक्का जवळ येताच त्यानं वाकून पाया पडायला हात काढला आणि तिनं पाहिलं, हात थरथरत होता.

"हे काय रे?"

"कंपवात. डॉक्टरनी सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी मायचा पदर पुरा केला आणि ब्रश ठेवला," तो हसला. "झालं अक्का. जे काढायचं होतं ते काढून झालं."

आत्ताच सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तर कलादालनाचे व्यवस्थापक राजदीप आले आणि दोघांना मंचाकडं घेऊन गेले. दिवा लावणं झालं. पाहुण्यांची भाषणं झाली. मग प्रेमराज उठला.

"मी सांगण्यावरून चित्र काढणारा माणूस," तो म्हणाला. "लेखक सांगायचा नायिका गोरी, मी गोरी काढायचो. संपादक म्हणायचे नाक सरळ करा, मी करायचो. सगळी उमर दुसऱ्यांच्या गोष्टीतली माणसं काढली. ही इथली माणसं माझी आहेत. पण यातलं एक चित्र तरी सांगण्यावरूनच काढलंय. मी तीन वर्षांचा होतो तेव्हा माय गेली. तिचा फोटो नाही. मला तिचं तोंड आठवत नाही. ते मला माझ्या अक्कानं दिलं." मग त्यानं मंचावरच्या खुर्चीकडं वळून, माइकवरच, पोरासारखं विचारलं, "अक्का, बरोबर आली ना गं माय?"

सगळं सभागृह तिच्याकडं बघत होतं. मयुरीनं फोन वर धरला होता. सुलक्षणा डोळे पुसत होती. 

अक्कानं मान हलवली. हो.

टाळ्या पडल्या. तिच्या खांद्यावर शाल आली, मांडीत श्रीफळ आलं. आपले तीन डोळे वर करून तो नारळ तिच्याकडं बघत राहिला. तिनं शालीचा पदर त्याच्यावर ओढला.

लोक जेवायला मागच्या अंगणात गेले. आत माणसं खुर्च्या गोळा करत होती. प्रेमराज मायच्या चित्रापुढं एकटा उभा होता. अक्का काठी टेकत गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "हाई माय नही. हाई मी शे."

"हो गं, तुझ्यावरूनच तर—"

"तसं नही. माय मन्हासारखी नव्हती. मी बापावर गेलेली. माय येगळीच व्हती."

प्रेमराज हसला. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि त्यातलं बाकी सगळं निघून गेलं. "काय म्हणस तू, अक्का?"

तिनं सांगितलं. वण सांगितले, डोळ्यातलं फूल सांगितलं, मान वळवून बघणं सांगितलं, झुलालचं भांडण सांगितलं. तो ऐकत होता आणि चित्राकडं बघत होता. 

"म्हणजे झुलाल खरं बोलत होता."

"हो."

"मी त्याचा दात पाडला होता." 

अक्का काठीवर रेलली. 

"तेव्हा लहान होतो, ठीक. नंतर का नाही सांगितलं? मी किती वेळा विचारलं. नाक विचारलं, कपाळ विचारलं."

"ते अंक यायचे," अक्का म्हणाली. "कुंकू लावलेली. नथ घातलेली. मी दार लावून बघायची, भाऊ. मला बरं वाटायचं."

प्रेमराजनं तिच्याकडं पाहिलं. तिच्या पांढऱ्या कपाळाकडं पाहिलं. रागवायला त्यानं श्वास घेतला होता, तो तसाच सोडून दिला. मग अचानक खिशात हात घातला, पेन्सिल काढली, पत्रिकेची कोरी बाजू वर केली आणि उरलेल्या एका खुर्चीवर बसला.

"सांग. मी सांगण्यावरूनच काढत आलोय. सांग तू, मी काढतो. कपाळ?"

"कपाळ..." अक्का म्हणाली.

"मोठं? अरुंद? केस कुठून सुरू व्हायचे?"

"पदर असायचा. कपाळावर दोन वण होते. इथं आणि इथं."

"वण नंतर. आधी तोंडाचा घाट सांग. लांबट की गोल? गाल बसलेले की भरलेले?"

अक्कानं डोळे मिटले. पेन्सिलचं टोक कागदावर टकटक करत होतं, हात थांबत नव्हता म्हणून. "तिच्या हाताला ज्वारीच्या पिठाचा वास यायचा. मला निजवताना ती पाठीवर—"

"अक्का, वास काढता येत नाही."

"माहीत आहे रे."

"हनुवटी? ओठ? हसायची तेव्हा दात दिसायचे का?"

ती आठवत होती. देवाशपथ आठवत होती. पण मिटल्या डोळ्यांपुढं चूल पेटलेली, आणि तिच्या उजेडात मान वर केलेली ती एकच बाई. ती जागची हलत नव्हती. तिच्यामागं माय उभी होती, एवढं कळत होतं. पदराची कड दिसत होती. तोंड दिसत नव्हतं.

प्रेमराजनं एक तोंड काढलं. रेघा थरथरलेल्या. "ही?"

"नाही."

खोडून दुसरं काढलं. हनुवटी बारीक केली. "अशी?"

त्याच्या आवाजात इतकी आस होती, की हो म्हणणं अगदी सोपं होतं. आयुष्यभर म्हटलंच होतं. 

"नाही रे, भाऊ. हीही नाही."

त्यानं आणखी एक काढायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. पेन्सिल खाली पडली. अक्का ती उचलायला गेली, पण तिला वाकता येईना. दोघंही त्या पेन्सिलकडं बघत राहिली.

"तू तरी बघितलं होतंस तिला," प्रेमराज म्हणाला. एवढंच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर तिनं आनंदानं खाल्ल्या असत्या.

मग तो उठला, चित्राखालची 'माय' लिहिलेली पट्टी नखानं सोडवली आणि राजदीपना हाक मारली. 

"इथं दुसरी पट्टी लावा. 'अक्का' लिहा."

"सर, पण सगळीकडं 'माय' छापलंय. पेपरवाल्यांना पण तेच दिलंय."

"छापलेलं असू द्या. ही माझी बहीण आहे."

सुटलेली पट्टी त्याच्या हातात राहिली. आता ती लावायला भिंतीवर जागा नव्हती. तो थोडा वेळ ती तशीच धरून उभा राहिला, मग अक्काच्या हातात दिली. अक्कानं ती शालीत नारळाजवळ ठेवली.

परतीच्या एसटीत मयुरीनं विचारलं, "पट्टी का बदलली गं आजोबांनी?" अक्का म्हणाली, "चुकली होती."

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी प्रेमराज धुळ्याला आला. कित्येक वर्षांनी कानबाईला आला होता. युवराज, सुलक्षणाही आले. गल्लीत रोटांचा खमंग वास, दारोदार रांगोळ्या. एवढ्या महिन्यांत भाऊ-बहीण फोनवर बोलत होते, पण पाऊसपाणी, गोळ्या, मयुरीची परीक्षा, एवढंच. 

अक्कानं पितळी डबा काढला. चांदीचे डोळे, नथ, गळ्यातली पोत. तळाशी ती पट्टी. कुणी विचारलं नाही. तिच्या बोटांना आता मेण धरवत नाही, म्हणून नारळ मयुरीच्या मांडीवर दिला. 

"यंदा डावा डोळा वर बसवायचा," अक्का म्हणाली. "या घरची रीत तशीच होती. मी मोडली."

सुलक्षणानं नवऱ्याकडं पाहिलं. प्रेमराज खांबाला टेकून बसला होता, तो पुढं सरकला. त्यानं हात मांडीखाली दाबून धरले होते. 

मयुरीनं मेण लावून उजवा डोळा बसवला. डावा हातात घेतला, नारळावर टेकवला, थोडा वर सरकवला. "एवढा, आजी?"

अक्का बघत राहिली. 

"की एवढा?" मयुरीनं आणखी वर नेला. "बोटभर? अर्धं बोट?"

सगळे अक्काच्या तोंडाकडं बघत होते. गल्लीला सगळं सांगणारी अक्का. प्रेमराजही बघत होता. साठ वर्षांपूर्वी राखेत बोट घालून बसलेल्या पोरानं बघावं तसा. 

अक्कानं देवीपुढं हात जोडले.

"माले याद नही रे, भाऊ," ती म्हणाली. 

बाहेर कुणीतरी कानबाईचं गाणं धरलं होतं. आत मयुरी डोळा चिमटीत धरून थांबली होती, आणि तिच्या बोटावरचं मेण गार होत चाललं होतं.